घरात मशीन आहे, वही नाही

सिंधुदुर्गाचं नाव देशाच्या बातम्यांत येतं ते हापूसमुळे, किल्ल्यामुळे, नाहीतर निवडणुकीतल्या राड्यांमुळे. २०१७ च्या नोव्हेंबरात ते एका वेगळ्याच यादीत गेलं, आणि त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले पंचवीसेक जिल्हे घेतले. त्यात महाराष्ट्रातले चार होते: सातारा, वर्धा, भंडारा आणि सिंधुदुर्ग. देवगड तालुक्यातल्या मिठबावसारख्या गावातल्या माणसाचं प्रेशर कुणी मोजायचं, त्याला पहिली गोळी कुठली द्यायची, पुढच्या महिन्यात तो फिरकलाच नाही तर काय करायचं, हे प्रश्न त्या वर्षापासून देशाच्या धोरणाचे प्रश्न झाले.

जिल्हा या कामाला योग्यच होता. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देशभर माणसं वाढत असताना इथली कमी झाली. तरुण मुंबईला, पुण्याला, गोव्याला. गावात म्हातारी माणसं आणि माडांची राखण. रक्तदाब वयाबरोबर वाढतो, त्यामुळे अशा गावात तो घरटी सापडला तर नवल नाही. चवथीला येणारा चाकरमानी हल्ली मिठाईच्या खोक्याबरोबर बीपीचं मशीनही घेऊन येतो. पाच दिवस सगळं घर दंडाला पट्टी गुंडाळून बसतं. गौरी-गणपती पाण्यात गेले की मशीन कपाटावर जातं आणि त्यातले सेल तिथेच गळतात.

सेल गळणं ही त्यातली छोटी गोष्ट. मशीन घरात आलं, पण त्यातल्या आकड्याचं पुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही, ही खरी अडचण. या विषयावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर जे काम झालं ते वाचत गेलं की पुनःपुन्हा याच ठिकाणी येऊन थांबावं लागतं.

आधी आकडा म्हणजे काय ते बघू. बागेतला पंप चालू केला की नळी ताठ होते. दोन झटक्यांच्या मधे ती सैल पडते, पण पार रिकामी होत नाही. हृदय आकसतं तेव्हा धमनीच्या भिंतीवर येणारा ताण म्हणजे वरचा आकडा, आणि ते विसावतं तेव्हा उरणारा ताण म्हणजे खालचा. १२० म्हणजे १२० मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ उचलून धरील एवढा दाब. इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला गुंडाळायची पट्टी काढली. रशियाच्या कोरोटकोव्ह यांनी १९०५ मध्ये स्टेथोस्कोपने धमनीतले ठोके ऐकून दोन्ही आकडे ओळखायची रीत दाखवली. पारा विषारी म्हणून त्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता करारानंतर पाऱ्याच्या मशीनची ती उभी लाकडी पेटी दवाखान्यांतून हटत गेली. घरच्या मशीनला ठोके ऐकू येत नाहीत. पट्टीतल्या हवेची थरथर मोजून ते हिशोबाने आकडा काढतं. म्हणूनच बोललात, हात हलवलात किंवा नाडी अनियमित असली की त्याचा हिशोब चुकतो.

वय वाढतं तशा मोठ्या धमन्या कडक होतात. वरचा आकडा चढतो आणि खालचा उलट उतरू लागतो. सत्तरीच्या माणसाचं १६५/७० आलं की घरातले म्हणतात, खालचं चांगलं आहे ना, मग ठीक. ते ठीक नसतं. ‘वय झाला की प्रेशर असताच’ ही समजूतही अशीच. ऐंशीच्या पुढच्या माणसांना उपचार द्यावेत की नाही, असा प्रश्न डॉक्टरांनाही पडत असे. २००८ मध्ये हायव्हेट नावाच्या अभ्यासाने त्याचा निकाल लावला. ऐंशी ओलांडलेल्या रुग्णांना साध्या गोळ्या दिल्या, तर एकूण मृत्यू सुमारे एक पंचमांशाने कमी झाले आणि हृदय निकामी होण्याचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. म्हातारपण उतारावर असलं तरी दाब उतरवण्यात अर्थ आहे.

‘माका काय त्रास नाय, मगे गोळी कित्याक?’ किनाऱ्यावरच्या प्रत्येक आशाताईने हा प्रश्न ऐकलेला असतो आणि तो अजिबात अडाणी नाही. दुखत नाही ते कशाला बरं करायचं? डोकं दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी यांचा प्रेशरशी संबंध लोक जोडतात तेवढा नसतो. बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. जाणवतं तेव्हा ते अर्धांगाच्या, हृदयविकाराच्या किंवा मूत्रपिंडाच्या रूपात. दहा लाख माणसांच्या नोंदी एकत्र करून २००२ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की चाळीस ते सत्तर या वयात वरचा आकडा दर २० नी वाढला की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो. उलट बाजूने, वरचा आकडा १० नी उतरवला तर पक्षाघात साधारण एक चतुर्थांशाने कमी होतात. आशाताईचं उत्तर हेच असायला हवं, फक्त टक्केवारीत नव्हे, तर वाडीतल्या कुणाच्या तरी वाकड्या झालेल्या तोंडाच्या आठवणीतून. ते उत्तर तिला बहुधा देताही येतं. वेळ मिळत नाही.

हा विकार किती पसरला आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष उच्च रक्तदाबाचे निघाले. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रौढांमधलं प्रमाण ३५.५ टक्के आलं. वयोगट वेगळे, पद्धत वेगळी, त्यामुळे आकड्यांत फरक. पण चौघांत एक की तिघांत एक, एवढाच वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना आपल्याला हा विकार आहे हेच ठाऊक नसतं.

मिठाबद्दल बोलल्याशिवाय किनाऱ्यावरचा आढावा पुरा होत नाही. भारतीय माणूस दिवसाला सुमारे ८ ग्रॅम मीठ खातो. आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमची, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. शहरात ते वेफर्स-फरसाणातून येतं. इथे ते घरातूनच येतं: खारा बांगडा, सुकट, गोलमो, कोकमाचं आगळ, खारातल्या कैऱ्या, पापड, लोणचं. जून-जुलैत मासेमारी बंद, दर्यात होड्या नाहीत. तेव्हा पेजेबरोबर चुलीतला भाजका खारा बांगडा हाच आधार. डॉक्टर सांगतात, सुकी मासळी बंद करा. पेशंट मान हलवतो, घरी जातो आणि बांगडा भाजतो. पाळता न येणारा सल्ला देऊन डॉक्टर मोकळे होतात, एवढंच त्यातून साधतं. त्यापेक्षा खारी मासळी दोन पाण्यांत भिजत घाला, तिच्या कालवणात वेगळं मीठ टाकू नका, पेजेत मीठ घालू नका कारण सोबत बांगडा आहेच, आगळाची सोलकढी करताना मीठ घालण्याआधी चव बघा, असं सांगितलं तर घरातली बाई ऐकते. सैंधव मिठाने काही होत नाही, हा भ्रम मात्र सोडायला हवा. तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. चीनमधल्या ६०० खेड्यांत, एकवीस हजारांच्या आसपास माणसांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडेही असं मीठ मिळतं. पण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर ते विचारल्याशिवाय घेऊ नये, पोटॅशियम अंगात साठतं.

मिठाइतकंच लक्ष एका भलत्याच गोष्टीकडे द्यायला हवं, ती म्हणजे गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनी दाब वाढतो आणि प्रेशरच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. बंदरावर, बागेत राबलेल्या माणसांच्या खिशात ही पाकिटं असतातच. खोकल्यावर रोज चघळलेलं ज्येष्ठमधही दाब वाढवतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. मिश्री आणि दारू यांच्याबद्दल नव्याने सांगण्यासारखं काही नाही.

रक्तदाबाच्या औषधांच्या इतिहासात मुंबईचं एक मानाचं पान आहे, आणि ते मराठी वाचकांना फारसं माहीत नाही. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या मुळीचे रक्तदाबाच्या रुग्णांवरचे परिणाम मांडले. जगाला हवी असलेली गोळी आपल्या रानात होती. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे याहून सुसह्य औषधं आली आणि रेसरपिन मागे पडलं. सर्पगंधेची मुळी घरी उगाळून घेण्याचं कारण मात्र या इतिहासातून काढू नये. तिचा डोस उगाळून ठरत नाही आणि मन खिन्न होण्याची तक्रार तिच्याबद्दल तेव्हापासूनच आहे.

आता परत राष्ट्रीय उपक्रमाकडे. त्यात नवीन औषध नव्हतं, नवीन यंत्र नव्हतं. कुणी प्रौढ माणूस कुठल्याही कारणाने दवाखान्यात आला की त्याचं प्रेशर मोजायचं. गोळ्यांचा क्रम सगळ्या जिल्ह्यात एकच, बहुतेक ठिकाणी आधी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, त्याने भागलं नाही तर टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोनसारखी लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी. औषध आठवड्याचं न देता तीस दिवसांचं द्यायचं, शक्यतो घराजवळच्या उपकेंद्रात. आणि प्रत्येकाची नोंद ठेवायची. महाराष्ट्रात त्यासाठी मोबाइलवरचं अॅप आणि हातात ‘बीपी पासपोर्ट’ आला. डॉक्टरने एकट्याने करायचं काम नर्सबाई, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा यांच्यात वाटलं गेलं. २०२२ पर्यंत नोंदलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा दाब काबूत होता, आणि मोठ्या रुग्णालयांपेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रांची कामगिरी सरस निघाली. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. पुढच्या वर्षी, १७ मे २०२३ ला, केंद्राने २०२५ पर्यंत रक्तदाब-मधुमेहाच्या साडेसात कोटी लोकांना उपचाराखाली आणण्याचं लक्ष्य जाहीर केलं.

उरलेल्या निम्म्यांचं काय? उपक्रमाच्या तिमाही हिशोबात काबूत आणि बेकाबू यांच्याबरोबर तिसरा रकाना असतो, चुकलेल्या भेटीचा. मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आई नातवाला सांभाळायला महिनाभर डोंबिवलीला जाते. बाबांना आंब्याच्या हंगामात दुपारी केंद्रात जायला फुरसत नसते. कुणाचे अॅम्लोडिपिनने पाय सुजतात. तो तक्रार करत नाही, गोळीच बंद करतो. कुणी प्रेशर नॉर्मल आलं म्हणून ‘बरो झालंय’ असं ठरवून पाकीट ठेवून देतो, खरं तर ते नॉर्मल गोळीमुळेच आलेलं असतं. या चुकलेल्या महिन्यांत घरातलं मशीन उपयोगी पडायला हवं.

ते पडतं का? सगळ्यात बोलका पुरावा जपानच्या ओहासामाचा. इवाते प्रांतातलं हे शेतीचं छोटं गाव. १९८०च्या दशकात तिथल्या लोकांना घरी मोजायला मशीनं दिली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांचं काय झालं ते पाहिलं. १९९८ मध्ये निष्कर्ष आला की कोण मरणार, याचा अंदाज तपासणी शिबिरातल्या आकड्यापेक्षा घरच्या आकड्याने जास्त बरोबर येतो. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. दवाखान्यात पांढरा कोट बघून काहींचा दाब चढतो. त्यांना नाहक गोळी लागते. काहींचं उलट, दवाखान्यात ठीक आणि घरी, कामावर, पहाटे वाढलेलं. त्यांचा विकार लपून राहतो. म्हणून घरच्या मोजणीची रेषाही वेगळी आहे. दवाखान्यात १४०/९०, घरी सरासरी १३५/८५. अमेरिकेने २०१७ मध्ये १३०/८० ची कडक रेषा आखली आणि युरोपनेही २०२४ मध्ये १२० च्या वरच्यांना ‘वाढलेला’ म्हणायला सुरुवात केली. देशोदेशीच्या या रेषांवर डॉक्टरांनी भांडावं. मिठबावात ज्याचं १६० आहे त्याने या वादात पडायचं कारण नाही.

पण ओहासामाने सिद्ध केलं ते एवढंच, की घरचा आकडा खरा असतो. तो आकडा माहीत झाल्याने दाब उतरतो का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर निराश करणारं आहे. २०१७ मध्ये पंचवीस चाचण्यांतल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की नुसतं घरी मोजून दाब जवळपास हलतच नाही. सोबत कुणीतरी सतत मार्गदर्शन करणारं असेल, आकडे बघून औषध बदलणारं असेल, तरच वरचा आकडा सरासरी सहाने उतरतो. ब्रिटनमध्ये २०१८ च्या चाचणीतही तेच: घरच्या आकड्यांवरून डॉक्टरांनी गोळ्या ठरवल्या, तर वर्षअखेर रुग्णांचा दाब नेहमीच्या पद्धतीपेक्षा तीन-चारने कमी. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या खेड्यांत आशासारख्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन मोजत आणि वाढलेल्यांना डॉक्टरकडे पाठवत. तिथेही दोन वर्षांत नेहमीच्या उपचारांपेक्षा पाचचा फरक पडला. तेव्हा मशीनपेक्षा मशीनच्या पुढची साखळी मोलाची, आणि त्या साखळीची पहिली कडी शाळेची चाळीस पानी वही.

त्या वहीत काय लिहायचं? डॉक्टरकडे जायच्या आधीचे सात दिवस, निदान तीन, सकाळी गोळी आणि चहाच्या आधी, रात्री जेवणाच्या आधी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. पहिला दिवस सोडून द्यायचा, बाकीच्यांची सरासरी काढायची. ही सरासरीच तुमचं प्रेशर. मधला एखादा १५८ किंवा ११२ हे तुमचं प्रेशर नव्हे. सोबत गोळी चुकली तो दिवस, दुखण्याची गोळी घेतली तो दिवस, एवढं लिहिलं तरी डॉक्टरचं निम्मं काम होतं. बाकीचे महिने आठवड्यातून एक-दोनदा पुरे. दर तासाला मोजणारी माणसं आहेत. आकडा बघून घाबरतात, घाबरून आकडा वाढतो, म्हणून पुन्हा मोजतात. त्यांच्याकडून मशीन काही दिवस काढून घेणं हाच उपचार.

मोजताना होणाऱ्या चुका क्षुल्लक वाटतात, पण गोळी वाढवायला त्या पुरतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवलं की हात टेबलावर न ठेवता मांडीवर ठेवला तर वरचा आकडा चारने आणि लोंबता सोडला तर साडेसहाने जास्त येतो. त्यांच्याच आधीच्या अभ्यासात, जाड दंडाला नेहमीची पट्टी बांधली तर जवळजवळ वीसचा फरक पडला. मशीनबरोबर आलेली पट्टी सगळ्या घराला चालते असं नाही. दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजून मगच घ्यावी. पाच मिनिटं गप्प बसावं, पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीला, लघवीला जाऊन आलेलं, दंड उघडा. पाटावर किंवा पायरीवर बसून नको. पहिल्या खेपेला दोन्ही दंडांवर बघावं आणि ज्याचा आकडा मोठा तोच पुढे धरावा. मनगटाची मशीनं आणि घड्याळातले आकडे यांच्या नादी न लागणं बरं. दंडाचं, तपासून प्रमाणित झालेलं मशीन दीड-दोन हजारांपासून मिळतं. वर्षातून एकदा ते पिशवीत घालून केंद्रात न्यावं आणि तिथल्या मशीनशी ताडून बघावं.

गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसांचं उभं राहूनही मोजावं, उठल्यावर एक ते तीन मिनिटांत. वरचा आकडा वीस किंवा अधिक पडत असेल तर पहाटे न्हाणीघराकडे जाताना पडून खुब्याचं हाड मोडण्याचा धोका असतो, आणि तेव्हा गोळी वाढवायची नसते. मे महिन्याच्या उकाड्यात दाब असाही थोडा उतरतो. गरोदर बाईचं १४०/९० मात्र घरी सरासरी काढत बसण्यासारखं नसतं, त्याच दिवशी दाखवायचं.

आणि १८०/१२० आलं तर? काही होत नसेल तर शांत बसून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजावं. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावं. शेजाऱ्याची गोळी जिभेखाली ठेवू नये. दाब झपाट्याने पाडण्याची ती जुनी रीत मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तोडू शकते, म्हणून वैद्यकाने ती कधीच सोडली आहे. पण छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तोंड एका बाजूला गेलं असेल, हात उचलत नसेल, बोलणं जड झालं असेल, तर आकडा कितीही असो, मशीन बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पक्षाघातानंतर साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही मेंदूचा सीटी स्कॅन झाल्यावर, आणि मिठबावहून ओरोसचं जिल्हा रुग्णालय किंवा गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठण्यात त्यातला बराच वेळ जातो. गाडीत बसण्याआधी एक गोष्ट लिहून घ्यावी: माणूस शेवटचा नीट बोलताना-चालताना किती वाजता दिसला होता. तिथले डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.